खोट्याचा खरा खर्च

ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘टेनेट’ (२०२०) या चित्रपटात एक मालवाहू विमान धावपट्टी सोडून इमारतीत घुसतं आणि पेट घेतं. हल्लीचा प्रेक्षक असं काही पाहिलं की ‘संगणकावर केलं असणार’ म्हणून मोकळा होतो. पण ते खरं बोइंग ७४७ होतं आणि खऱ्या इमारतीवर आदळवलेलं होतं. मूळ बेत नेहमीचाच होता: थोड्या छोट्या प्रतिकृती, थोडा सेट, उरलेलं संगणकावर. चित्रीकरणासाठी जागा शोधताना कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिल इथे जुन्या विमानांच्या रांगा दिसल्या. मंडळींनी हिशेब मांडला, तेव्हा खरं विमान विकत घेऊन फोडणंच परवडेल असं निघालं. हे नोलन यांनीच मुलाखतींमधून सांगितलं आहे.

या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळालं, तेही व्हिज्युअल इफेक्ट्सचं. काम डीएनईजीचं. नमित मल्होत्रा यांनी १९९७ साली मुंबईत एका गॅरेजमध्ये प्राइम फोकस सुरू केली आणि २०१४ साली लंडनची डबल निगेटिव्ह तिच्याशी जोडली गेली, त्या जोडणीतून उभी राहिलेली ही कंपनी. म्हणजे खरं विमान फोडणाऱ्या चित्रपटातही संगणकावरचं काम बक्षीस मिळण्याइतकं होतंच. कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडवलेले प्रॅक्टिकल इफेक्ट्स एका बाजूला आणि संगणक दुसऱ्या बाजूला, अशी सरळ रेघ मारून बसणाऱ्यांनी या एका चित्रपटाचा जमाखर्च मांडून पाहावा.

आता त्या रेघेच्या पलीकडे तिसरा भिडू आला आहे: एआय. एप्रिल २०२५ मध्ये जेम्स कॅमेरॉन एका पॉडकास्टवर म्हणाले की इफेक्ट्सनी भरलेले मोठे चित्रपट यापुढेही बनायला हवे असतील, तर त्यांचा खर्च निम्म्यावर आणावा लागेल. हे साधायचं ते निम्मी माणसं काढून नव्हे, तर एकेक शॉट पुरा होण्याचा वेग दुप्पट करून, असंही त्यांनी जोडलं. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये ते स्टॅबिलिटी एआय या कंपनीच्या संचालक मंडळावर गेले होते. त्याच महिन्यात लायन्सगेट स्टुडिओने रनवे या एआय कंपनीशी करार केला होता. कॅमेरॉन यांच्या ‘टर्मिनेटर २’ आणि ‘टायटॅनिक’ या दोन्ही चित्रपटांनी आपापल्या वेळी खर्चाचे उच्चांक मोडले. त्यांच्या दिग्दर्शकाने काटकसरीचा विषय काढावा, यावरूनच दुखणं किती मुरलं आहे ते कळतं.

हे पुस्तक त्या दुखण्याविषयी आहे. एआयमुळे चित्रपट स्वस्त होतील की नाही, या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर मी देणार नाही. पण इतका काळ इफेक्ट्सच्या पडद्यामागच्या गोष्टी वाचल्यावर, ऐकल्यावर एक गोष्ट मला पक्की वाटते. मोठ्या चित्रपटाचा पैसा साधनावर जातो त्यापेक्षा जास्त न घेतलेल्या निर्णयावर जातो. पडद्यावर नेमकं काय दिसायला हवं हे कोणी ठरवायचं आणि कधी ठरवायचं, इथे खर्चाचा उगम आहे. रबर, बारूद, संगणक, एआय हे सगळे त्यानंतरचे खर्च.

प्रॅक्टिकल इफेक्ट्सची आठवण काढून गहिवरणाऱ्यांना आधी ‘जॉज’ची आठवण करून द्यायला हवी. १९७५ सालचा हा चित्रपट. यांत्रिक शार्क तयार झाला, गोड्या पाण्यात चालवून पाहिला आणि मग समुद्रात उतरवला. खारं पाणी त्याच्या यंत्रणेत शिरलं आणि तो चालेनासा झाला. ५५ दिवसांचं वेळापत्रक १५९ दिवसांवर गेलं, चाळीस लाख डॉलरचं अंदाजपत्रक दुपटीच्या वर गेलं. शार्क दाखवता येत नाही म्हणून स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तो लपवला आणि भीती पाण्याच्या पृष्ठभागावर आणून ठेवली. चित्रपट त्यामुळे श्रेष्ठ झाला, हे सगळे सांगतात. निर्मात्यांच्या त्या शंभरेक जादा दिवसांची झोप मात्र कोणाच्या आठवणीत नाही.

तरीही यंत्रशार्कमध्ये एक गुण होता. तो एकदा बनला की बनला. त्याचं नाक जरा लांब हवं होतं, असं संकलनाच्या टेबलावर बसून कोणाला म्हणता येत नव्हतं. जे काही ठरवायचं ते कॅमेरा सुरू होण्याआधी ठरवावं लागत होतं. न जमल्यास जे हाती आलं त्यातून वाट काढावी लागत होती. प्रॅक्टिकल कामाची शिस्त ती हीच. त्यात नैतिक श्रेष्ठत्व वगैरे काही नाही, नाइलाज आहे.

संगणकाने हा नाइलाज संपवला. ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) मध्ये डायनॉसोर पडद्यावर जेमतेम पंधरा मिनिटं आहेत आणि त्यातली संगणकावरची सहाएक. बाकीचे स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेत घडलेले, रबरी कातडीचे, आतून यंत्रांनी हलणारे. प्रत्येक डिजिटल शॉट महाग होता, म्हणून तो कुठे खर्चायचा हे मोजूनमापून ठरलं. २०१९ च्या ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये इफेक्ट्सचे शॉट अडीच हजारांच्या घरात गेले. दरम्यान संगणक कित्येक पटींनी स्वस्त झाले होते, आज्ञावली सुधारल्या होत्या. पण ‘ज्युरासिक पार्क’ला ६.३ कोटी डॉलर लागले होते आणि ‘एंडगेम’ला ३५ कोटींहून जास्त. मधल्या काळातली महागाई आणि तारकांचं मानधन जमेस धरलं तरी हे अंतर भरून निघत नाही. शॉट स्वस्त झाला तशी शॉटची भूक वाढली. एआयच्या बचतीचे अंदाज मांडणाऱ्या सादरीकरणांत ही भूक मोजलेली मला दिसत नाही.

त्याहून वाईट गोष्ट झाली ती दुरुस्त्यांची. इफेक्ट्स कंपन्या बहुतेकदा ठरलेल्या रकमेवर काम घेतात: इतके शॉट, इतके पैसे. शॉट मान्य होईपर्यंत किती वेळा बदलायचा, हे मात्र गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. शिंप्याला माप न देताच कापड टाकावं आणि ‘आधी शिवून दाखवा, मग सांगतो कसं हवं ते’ म्हणावं, तसा हा व्यवहार. राक्षस हिरवा हवा की करडा, हे सेटवर ठरत नाही, कारण सेटवर राक्षसच नसतो. निळा पडदा असतो आणि काठीला लावलेला टेनिसचा चेंडू. ठरवणं पुढे ढकललं जातं आणि त्याचा भुर्दंड मुंबई, लंडन नाहीतर व्हँकुव्हरमधल्या कोणाच्या रात्रपाळीवर पडतो.

याचा जाहीर पंचनामा २०१३ साली झाला. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ घडवणारी ऱ्हिदम अँड ह्यूज ही कंपनी फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली. त्याच महिन्यात त्या वाघासाठी तिच्या कलावंतांना ऑस्कर मिळालं. सभागृहाबाहेर इफेक्ट्सवाले निदर्शनं करत होते. आत पुरस्कार घेणारे बिल वेस्टनहोफर कंपनीच्या संकटाविषयी बोलू लागताच त्यांना थांबवण्यासाठी ‘जॉज’चं संगीत वाजवण्यात आलं आणि त्यांचा ध्वनिक्षेपक बंद झाला. या कंपनीची कार्यालयं मुंबईत आणि हैदराबादेतही होती. चित्रपटाने जगभर साठ कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमवला. वाघ ज्यांनी हाताने घडवला त्यांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे वेगळं सांगायला नको.

उलट बाजूची उदाहरणं कमी आहेत, पण ती बोलकी आहेत. ‘गॉडझिला मायनस वन’ (२०२३) हा जपानी चित्रपट दीड कोटी डॉलरच्या आतच झाला. ६१० इफेक्ट्स शॉट, ३५ कलावंत, आणि २०२४ चं ऑस्कर. हॉलिवूडमध्ये यावर पुष्कळ डोकी खाजवली गेली. जपानमधले पगार कमी आहेत हे त्याचं एक कारण, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ताकाशी यामाझाकी हे त्या चित्रपटाचे लेखक, दिग्दर्शक आणि इफेक्ट्स प्रमुखही होते. शॉट मान्य आहे की नाही, हे विचारायला कलावंताला शेजारच्या टेबलापर्यंत जावं लागायचं; सात जणांच्या समितीकडे आणि तीन कालक्षेत्रांपलीकडे नव्हे. त्याच वर्षीचा गॅरेथ एडवर्ड्स यांचा ‘द क्रिएटर’ आठ कोटी डॉलरमध्ये झाला. बाजारात कोणालाही मिळेल असा सोनीचा छोटा कॅमेरा, मोजकी माणसं आणि आग्नेय आशियातल्या खऱ्या जागा. संकलन पुरं झाल्यावरच, जे शॉट चित्रपटात राहणार हे नक्की झालं त्यांच्यावर, भविष्यकाळ चढवला गेला. एडवर्ड्सही स्वतः इफेक्ट्सचं काम करतच वर आलेले.

आपल्याकडच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. दादासाहेब फाळके यांनी भांडवलदाराला पटवण्यासाठी वाटाण्याचा वेल वाढतानाची छोटी फिल्म एकेक चौकट टिपत बनवली होती. ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) यांमधल्या ट्रिक ज्या डोक्यातून निघाल्या तेच डोकं कथा आणि दिग्दर्शनही सांभाळत होतं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर आपला कॅमेराही स्वतः बनवला. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) दिग्दर्शित केला तो दामले आणि फत्तेलाल यांनी. एक ध्वनीतले जाणकार, दुसरे कलादिग्दर्शक. गरुडावर बसून वैकुंठाला जाणारे तुकोबा कसे दिसावेत, याची चर्चा करायला त्यांना इफेक्ट्स कंपनीला पत्र लिहावं लागलं नाही. पुढच्याच वर्षी ‘ख्वाब की दुनिया’मध्ये बाबूभाई मिस्त्री यांनी वस्तू हवेत नाचवल्या त्या काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्याने, पुढे ‘काला धागा’ हे नावच त्यांना चिकटलं. हा इतिहास मी अभिमानासाठी सांगत नाही (अभिमानाची पुस्तकं पुष्कळ आहेत). हात आणि निर्णय एकाच ठिकाणी होते, तेव्हा खोट्याचा खर्च किती खाली राहायचा, एवढंच त्यातून घ्यायचं आहे.

आता एआयचं. त्याने काहीच होणार नाही, असं म्हणणारा माणूस वर्तमानपत्र वाचत नसावा. नेटफ्लिक्सच्या ‘एल एटर्नाउटा’ या अर्जेंटिनाच्या मालिकेत ब्यूनोस आयर्समधली एक इमारत कोसळते. तो शॉट एआयने केला आणि नेहमीच्या पद्धतीपेक्षा दहापट लवकर झाला, असं कंपनीचे सह-प्रमुख टेड सरॅंडोस यांनी जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं. मालिकेच्या अंदाजपत्रकात तो एरवी बसलाच नसता, हेही त्यांनी सांगितलं. ‘द आयरिशमन’ (२०१९) मध्ये रॉबर्ट डी नीरो यांना तरुण करण्यासाठी तीन कॅमेऱ्यांची खास जोडणी आणि नंतर महिनोन्‌महिने काम लागलं होतं. ‘हिअर’ (२०२४) मध्ये टॉम हँक्स यांचा तरुण चेहरा एआयच्या मदतीने सेटवरच्या पडद्यावर लगेच दिसत होता. मला यातला सगळ्यात मोलाचा शब्द ‘सेटवर’ हा वाटतो. नट आणि दिग्दर्शक दोघांनाही शॉट घेतानाच कळत होतं की काय मिळतंय. निर्णय पुन्हा कॅमेऱ्यापाशी आला. एआयचा हा उपयोग खरोखर पैसे वाचवू शकतो.

पण एआय दुसऱ्या पद्धतीनेही वापरता येतं, आणि तीच जास्त विकली जाते आहे: वाक्य टाइप करा, दृश्य घ्या. इफेक्ट्सच्या कामात शॉट थरांनी बनतो. धूर वेगळा, सावली वेगळी, नट वेगळा, पाठीमागचं शहर वेगळं. दिग्दर्शक म्हणाला की कंदील हातभर डावीकडे घ्या, तर कंदिलाचा थर हलतो, बाकीचं जागेवर राहतं. वाक्यातून जन्मलेल्या दृश्याला असे थर नसतात. कंदील हलवायला सांगितलं की नटाच्या अंगरख्याची बटणंही बदलतात. मग पुन्हा वाक्य, पुन्हा दृश्य. एकेक प्रयत्न स्वस्त असल्यामुळे कोणी थांबत नाही, आणि पन्नास पर्याय समोर असलेली समिती पाच पर्यायांवाल्या समितीपेक्षा लवकर उठते असा अनुभव कोणाचाच नाही. शिवाय मालकीचा प्रश्न आहे. केवळ सूचना देऊन यंत्राकडून काढलेल्या चित्रावर कॉपीराइट मिळत नाही, अशी भूमिका अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ मध्ये मांडली, आणि जूनमध्ये डिस्ने व युनिव्हर्सल यांनी मिडजर्नी या एआय कंपनीला न्यायालयात खेचलं.

बचत सर्वांत आधी कुठे होईल, हे मात्र स्पष्ट आहे. ती आपल्या दारात होईल. रोटो म्हणजे नटाच्या कडेने चौकटीगणिक रेघ काढून त्याला पार्श्वभूमीपासून सुटा करणं. पाच सेकंदांच्या शॉटला १२० चौकटी. केस वाऱ्यावर उडत असतील तर देवच वाली. जगभरच्या मोठ्या चित्रपटांचं हे काम वर्षानुवर्षं मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई, बंगळूर इथली पोरं करत आली आहेत. तारा पुसणं, डाग पुसणं हेही तसंच. श्रेयनामावलीत त्यांची नावं अखेरीस, बारीक टायपात, आणि पुष्कळदा तीही नाहीत. या धंद्यात शिरायचं ते याच दारातून. रोटो करता करता माणूस शॉट वाचायला शिकतो आणि मग कॉम्पोझिटिंगकडे, म्हणजे थर जुळवण्याकडे, सरकतो. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ (२०२२) या चित्रपटाचे इफेक्ट्स मुख्यतः पाच-सहा जणांनी केले आणि दोन दगडांच्या त्या गाजलेल्या दृश्यात रनवेचं एआय साधन वापरून असं कंटाळवाणं काम उरकलं. त्या पाच-सहा जणांचं कौतुक मीही करतो. मात्र २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ही इफेक्ट्स कंपनी कोसळली तेव्हा भारतातल्या हजारो जणांच्या नोकऱ्या एका झटक्यात टांगणीला लागल्या. त्या कोसळण्याला एआयपेक्षा कर्ज आणि आटलेलं काम कारण होतं, हे खरं. पण घसरणारी शिडी आणि काढून घेतलेली पहिली पायरी एकाच वेळी आल्या आहेत. त्यावर या पुस्तकात सर्वांत मोठं प्रकरण आहे, आणि ते मोठं झालं याचा मला खेद नाही.

जाहिरातींविषयी थोडं. ‘सगळं खरं चित्रित केलंय’ ही हल्ली विक्रीची ओळ झाली आहे. ‘टॉप गन: मॅव्हरिक’ (२०२२) मधले नट खरोखर विमानात बसले होते, आणि तरीही त्यात इफेक्ट्सचे सुमारे २,४०० शॉट आहेत. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. भित्तिपत्रकावर एकच मावते.

माझं म्हणणं सगळीकडे लागू पडतं असं नाही. ‘तुंबाड’ (२०१८) त्याला आडवा जातो. त्याचं चित्रीकरण २०१२ साली सुरू झालं, मग पुनर्लेखन झालं, २०१५ साली पुष्कळ भाग पुन्हा चित्रित झाला, आणि खऱ्या पावसाच्या हट्टापायी एकेका पावसाळ्याची वाट पाहिली गेली. निर्णय लांबले, बदलले, आणि त्यातूनच तो चित्रपट उभा राहिला. आजीच्या त्या भयंकर रंगभूषेखाली मोहम्मद समद हा बालकलाकार होता, हे कळल्यावर मी ते दृश्य पुन्हा पाहिलं. भीती तसूभर कमी झाली नाही. राही अनिल बर्वे यांच्याकडे पैसा थोडा होता आणि वेळ पुष्कळ. मोठ्या स्टुडिओची स्थिती याच्या नेमकी उलट असते, एवढाच बचाव मी माझ्या म्हणण्याचा करू शकतो. ओम राऊत यांच्या ‘आदिपुरुष’ची गोष्ट त्या दुसऱ्या टोकाची. ऑक्टोबर २०२२ मध्ये झलक आली, लोकांनी इफेक्ट्सची टर उडवली, जानेवारीचं प्रदर्शन जूनवर गेलं आणि तयार झालेल्या कामावर पुन्हा काम सुरू झालं. शेकडो कोटींच्या चित्रपटात हनुमान कसा दिसावा हे झलक पाहून झाल्यावर ठरत असेल, तर त्या खर्चाला संगणक जबाबदार नाही.

पुस्तकातल्या आकड्यांकडे पाहताना एक ध्यानात ठेवावं. स्टुडिओ सांगतात ते अंदाजपत्रक पुष्कळदा जाहिरातीचाच भाग असतं. ब्रिटनमध्ये चित्रित होणारे चित्रपट करसवलतीसाठी तिथे स्वतंत्र कंपनी काढतात आणि तिचे हिशेब सार्वजनिक होतात, म्हणून ‘स्टार वॉर्स: द फोर्स अवेकन्स’चा खरा खर्च आधी बोलल्या गेलेल्या आकड्याहून किती वर गेला होता ते बाहेर आलं. आपल्याकडे अशी खिडकी नाही. हिंदी चित्रपटाच्या अंदाजपत्रकातला मोठा वाटा नायकाच्या मानधनात जातो, हे मात्र हिशेब न उघडताही सर्वांना ठाऊक आहे, आणि तो वाटा कमी करणारं एआय अजून कोणी विकायला आणलेलं नाही.

शेवटचं प्रकरण ‘रांझणा’वर आहे. आनंद एल. राय यांचा हा २०१३ सालचा चित्रपट. नायक शेवटी मरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये हक्क असलेल्या कंपनीने त्याची तमिळ आवृत्ती तमिळनाडूत पुन्हा लावली, तेव्हा एआयने शेवट बदलला होता आणि नायक जिवंत होत होता. राय यांनी विरोध केला, नायकाची भूमिका करणारे धनुष यांनीही जाहीर नाराजी कळवली. बारा वर्षांपूर्वी घेतलेला, चित्रित झालेला, प्रेक्षकांनी स्वीकारलेला निर्णय दिग्दर्शकाला न विचारता पुन्हा उघडला गेला. पहिल्या शेवटासाठी युनिट जमवावं लागलं होतं, दिवे लावावे लागले होते. दुसऱ्यासाठी धनुष यांना एक दिवसही चित्रीकरणाला यावं लागलं नाही.